शाळेतील सामायिक लॅपटॉप ट्रॉली : रोज सकाळी काही लॅपटॉप रिकामे का निघतात?

तीस लॅपटॉपांची ट्रॉली वर्गात येते, मुले एकेक लॅपटॉप उचलून जागेवर बसतात आणि पाच मिनिटांच्या आत चार-पाच हात वर होतात. एकाचा लॅपटॉप उघडतच नाही, एकाच्या पडद्यावर बॅटरी 6 टक्के दिसते, तर एकीला खात्यात प्रवेशच मिळत नाही. शिक्षक त्या मुलांना शेजाऱ्यांबरोबर बसवतात, तासिका कशीबशी पार पडते आणि दिवसअखेर तांत्रिक काम पाहणाऱ्या माणसाकडे निरोप पोहोचतो तो इतकाच, की काही लॅपटॉप बिघडले आहेत. कोणते, हे त्या निरोपात नसते. तो माणूस ट्रॉली उघडून पाहतो तेव्हा त्याला सगळे लॅपटॉप चालू स्थितीत आढळतात, कारण मधल्या दोन तासांत ते चार्ज झालेले असतात. आठवड्याने पुन्हा तोच निरोप येतो.

गेली काही वर्षे अशा ट्रॉल्या सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. या तक्रारीमागे लॅपटॉपचा स्वतःचा बिघाड फार थोड्या वेळा असतो, असा माझा अनुभव आहे. बहुतेक वेळा दोष कप्प्यातील वायरीत, ट्रॉलीला वीज मिळण्याच्या वेळेत, एखाद्या सेटिंगमध्ये किंवा लॅपटॉप परत ठेवण्याच्या पद्धतीत असतो. ही कारणे बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून ती वेगळी काढण्यासाठी एकच प्रश्न आधी विचारावा लागतो : दोष लॅपटॉपबरोबर फिरतो, की कप्प्यातच राहतो?

क्रमांकाशिवाय शोध सुरू होत नाही

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी प्रत्येक लॅपटॉपला आणि प्रत्येक कप्प्याला क्रमांक असला पाहिजे, आणि 17 क्रमांकाचा लॅपटॉप 17 क्रमांकाच्या कप्प्यातच परत गेला पाहिजे. हे इतके उघड वाटते की पुष्कळ शाळा ते झाले असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात लॅपटॉपवर मालमत्ता क्रमांकाची एक बारीक चिकटपट्टी तळाशी असते, ती मुलांना दिसत नाही आणि दिसली तरी तिच्यावरचा दहा आकडी क्रमांक कोणी लक्षात ठेवत नाही. झाकणावर, बाहेरच्या कोपऱ्यात, दुरून वाचता येईल असा एक किंवा दोन अंकी आकडा हवा; तोच आकडा कप्प्याच्या कडेवर आणि तोच चार्जरच्या वायरीच्या टोकाजवळ हवा. वायरीवरचा आकडा लोक टाळतात, पण खालच्या कप्प्याची वायर वरच्या लॅपटॉपला लावण्याचा घोळ त्याच्याविना थांबत नाही.

यानंतर तक्रार नोंदवण्याची सोय करावी. ट्रॉलीच्या दारावर दोरीने बांधलेली साधी वही पुरते. तिच्यात तारीख, तासिका, लॅपटॉपचा क्रमांक आणि काय झाले, इतकेच चार रकाने ठेवावेत. ऑनलाइन अर्ज मी दोनदा सुरू करून पाहिला आणि दोन्ही वेळा तो बंद पडला, कारण वर्ग चालू असताना शिक्षक अर्ज भरत नाहीत; वहीत मात्र मुलेही लिहितात. दोन आठवड्यांच्या नोंदी जमल्या की आकडे आपोआप बोलू लागतात. तक्रारी तीन-चार क्रमांकांभोवतीच घोटाळत असतील तर दोष स्थानिक आहे. एका रांगेतले सगळे क्रमांक येत असतील तर दोष त्या रांगेच्या वीजपुरवठ्यात आहे. क्रमांक रोज बदलत असतील तर तो वेळेचा किंवा वापराच्या पद्धतीचा दोष आहे, आणि तिथे एकेक लॅपटॉप तपासत बसण्यात अर्थ नाही.

पहिल्या प्रकारासाठी अदलाबदलीची परीक्षा करावी. समजा, 17 क्रमांकाचा लॅपटॉप वारंवार रिकामा निघतो आणि 18 चा कधीच नाही. संध्याकाळी दोन्ही साधारण सारखे उतरलेले असताना 17 चा लॅपटॉप 18 च्या कप्प्यात आणि 18 चा 17 च्या कप्प्यात ठेवावा, वायरी मात्र जागच्या जागी राहू द्याव्यात. सकाळी 17 चा लॅपटॉपच रिकामा निघाला तर दोष लॅपटॉपमध्ये आहे. 18 चा रिकामा निघाला तर दोष कप्प्यात, म्हणजे वायर, अडॅप्टर किंवा सॉकेटमध्ये आहे. एका रात्रीच्या निकालावर विसंबू नये, दोन रात्री तरी ही अदलाबदल ठेवावी, कारण एकदा पिन नीट न बसल्यानेही चुकीचे उत्तर मिळू शकते.

माझ्या ट्रॉलीत 17 क्रमांकाचे उत्तर 'कप्पा' असे आले. वायर बदलली, अडॅप्टर बदलला, तरी आठवड्यातून दोन-तीनदा तेच घडत राहिले. शेवटी एका दुपारी मुले लॅपटॉप परत ठेवत असताना मी ट्रॉलीशेजारी उभा राहिलो. 17 चा कप्पा खालच्या रांगेत डाव्या कडेला होता आणि त्याची वायर मागच्या कंगव्यासारख्या पट्टीतून इतकी आखूड बाहेर आली होती की ती लावण्यासाठी मुलाला गुडघ्यावर बसून हात तिरका करावा लागे. पिन आत जाई, पण पूर्ण जात नसे. लॅपटॉप आत सरकवला की वायर ताणली जाऊन ती दोन-तीन मिलिमीटर मागे येई. बाहेरून पाहणाऱ्याला पिन लावलेलीच दिसे, लॅपटॉपच्या कडेचा बारीक दिवा मात्र लागलेला नसे. मागच्या बाजूने वायर एक वीत सैल करून दिल्यावर 17 क्रमांक वहीतून नाहीसा झाला. तेव्हापासून नवी ट्रॉली आली की मी प्रथम सगळ्या वायरींची पुढे उरलेली लांबी पाहतो, आणि परत ठेवणाऱ्याने लॅपटॉपवरचा दिवा पाहूनच हात काढावा, असा नियम ठेवतो. पिन लावली की नाही, हे विचारून उपयोग नसतो. दिवा लागला की नाही, हे विचारावे.

वीज मिळते, पण केव्हा आणि किती?

क्रमांक रोज बदलत असतील तर ट्रॉलीच्या मुख्य वायरीपासून शोध सुरू करावा. भिंतीवरचा स्विच रात्रभर चालू होता का, हा प्रश्न बालिश वाटला तरी तोच पहिला. ट्रॉली ज्या सॉकेटवर असते त्याच सॉकेटवर सफाईचे यंत्र, प्रोजेक्टर किंवा पंखा लावला जातो, आणि काम झाल्यावर ट्रॉलीची पिन परत बसवायची राहून जाते.

याचेच एक फसवे रूप मी अनुभवले. आमच्याकडे एका ट्रॉलीबद्दल दर तीन-चार आठवड्यांनी तक्रारींची लाट येई, मग ती आपोआप ओसरे. लाट आली की आम्ही बॅटऱ्यांना दोष देत असू. दोन बॅटऱ्या तर बदलूनही झाल्या होत्या. त्या ट्रॉलीच्या मुख्य पिनेला कोणीतरी गोल तबकडीचा यांत्रिक टायमर लावलेला होता, म्हणजे कडेने 96 खटके आणि प्रत्येक खटका 15 मिनिटांचा, असा तो जुना प्रकार. रात्री 10 ते सकाळी 6 वीज चालू राहावी अशी त्याची रचना होती. या टायमरला स्वतःची बॅटरी नसते, भिंतीवरून वीज मिळते तोवरच त्याची तबकडी फिरते. रोज संध्याकाळी सफाईच्या वेळी तो सॉकेट सुमारे अर्धा तास मोकळा केला जाई आणि नंतर प्रामाणिकपणे पुन्हा जोडलाही जाई. पण त्या अर्ध्या तासात तबकडी थांबलेली असे. आठवड्याच्या पाच दिवसांत ती अडीच तास मागे पडे, तीन आठवड्यांत साडेसात तास. मग रात्री 10 ऐवजी पहाटे साडेपाचला वीज सुरू होई, आणि 8 वाजता ट्रॉली वर्गात नेली जाई तेव्हा आळीपाळीने चार्ज होणाऱ्या दोन्ही रांगांच्या वाट्याला मिळून अडीच तास आलेले असत. तोवर कोणीतरी तबकडी चुकीची आहे हे पाहून ती फिरवून बरोबर करी, आणि तीन आठवडे शांतता नांदे. टायमर काढून टाकला आणि ट्रॉलीसाठी दुसरा सॉकेट राखून ठेवला, एवढाच त्यावरचा उपाय होता. टायमर हवाच असेल तर आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा, आणि तक्रार ठरावीक अंतराने येत असेल तर त्या अंतराएवढी काय गोष्ट घडते, हे आधी शोधावे.

ट्रॉलीच्या आतही वेळापत्रक असते, ते अनेकांना ठाऊक नसते. त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. 65 वॅटचे 30 अडॅप्टर एकाच वेळी पूर्ण भाराने चालले तर 1950 वॅट होतात. अडॅप्टरमध्ये वाया जाणारी ऊर्जा धरली तर त्याहून थोडे अधिक. 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर हा प्रवाह साडेआठ अँपिअरच्या पुढे जातो, म्हणजे 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटला तो पेलवत नाही; 120 व्होल्टच्या पुरवठ्यावर तर तो 16 अँपिअरहून अधिक होतो. म्हणून बऱ्याच ट्रॉल्यांमधील नियंत्रक कप्प्यांचे दोन किंवा चार गट करून त्यांना आळीपाळीने वीज देतो. चार गट असतील आणि ट्रॉलीला रात्रीचे 12 तास मिळाले तर प्रत्येक गटाला 3 तास मिळतात, ते पुरेसे आहेत. पण तीच ट्रॉली संध्याकाळी उशिरापर्यंत दुसऱ्या खोलीत राहिली आणि तिला 6 तासच मिळाले, तर प्रत्येक गटाच्या वाट्याला दीड तास येतो. 50 वॅट-तासांची रिकामी बॅटरी 45 वॅटच्या अडॅप्टरवर भरायला साधारण दोन तास लागतात, आणि शेवटचा पाचवा हिस्सा तर आणखीच सावकाश भरतो. दिवसभरात दोन तासिकांच्या मध्ये 20 मिनिटे ट्रॉली जोडून सगळ्यांची थोडी भर पडेल, असे मानणे म्हणूनच चुकीचे ठरते; त्या 20 मिनिटांत पाळी एकाच गटाची असू शकते.

ट्रॉली जोडताक्षणीच सर्किट ब्रेकर पडत असेल तर भार जास्त आहे असे लगेच ठरवू नये. अडॅप्टरमधील धारित्रे, म्हणजे वीज साठवणारे कपॅसिटर, चालू होण्याच्या क्षणी मोठा प्रवाह ओढतात आणि तीस अडॅप्टर एकदम चालू झाले तर तो क्षणिक झटका ब्रेकरला पुरतो. गळती प्रवाहावर, म्हणजे जमिनीकडे निसटणाऱ्या विजेवर, चालणारा ब्रेकर पडत असेल तर कारण निराळे असू शकते. जमिनीची (अर्थिंगची) पिन असलेल्या प्रत्येक अडॅप्टरमधून किंचित गळती एरवीही होत असते. एकाची अर्धा मिलिअँपिअर धरली तरी तिसांची मिळून 15 होते, आणि 30 मिलिअँपिअरचा संरक्षक ब्रेकर 15 च्या पुढे कधीही पडू शकतो. त्याच सर्किटवर संगणक कक्षही असेल तर कोणताही एकटा लॅपटॉप सदोष नसताना ब्रेकर पडत राहतो. अशा वेळी ट्रॉलीला वेगळे सर्किट देणे हे वीजतंत्रीचे काम आहे आणि ते त्यालाच करू द्यावे. एका एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा बोर्ड जोडून ट्रॉली चालवणे हा मात्र तोडगा नव्हे. बंद पेटीत तापणारी वायर कोणाला दिसत नाही.

दोष लॅपटॉपबरोबर फिरत असेल तर

अदलाबदलीत लॅपटॉप दोषी ठरला तरी बॅटरीची मागणी नोंदवण्याआधी त्याची सेटिंग्ज पाहावीत. पुष्कळ लॅपटॉपांच्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, वीज जोडली की आपोआप सुरू व्हावे, असा पर्याय असतो. घरी तो निरुपद्रवी आहे, पण आळीपाळीने वीज देणाऱ्या ट्रॉलीत तो घातक ठरतो, कारण गटाची पाळी आली की लॅपटॉप सुरू होतो, पाळी संपली तरी जागाच राहतो आणि मिळालेली वीज बंद कप्प्यात उष्णता करून संपवतो. सकाळी उघडल्यावर लॅपटॉप कोमट लागला तर पहिला संशय यावर घ्यावा. त्याच्या उलट, बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय अनेक उत्पादक देतात. तसे सेटिंग असलेला लॅपटॉप सकाळी 80 दाखवतो आणि तो 'चार्ज होत नाही' म्हणून वहीत येतो. त्यात बिघाड काहीच नसतो. 80 टक्क्यांवर शाळेचा दिवस निघतो का, एवढेच ठरवायचे असते.

झोप हा तिसरा मुद्दा. झाकण मिटले की लॅपटॉप झोपला, असे आपण धरून चालतो, पण अलीकडच्या विंडोज लॅपटॉपांतील मॉडर्न स्टँडबाय पद्धतीत लॅपटॉप झोपेतही नेटवर्कशी संपर्क ठेवू शकतो आणि एखादा प्रोग्राम त्याला जागवत राहिला तर रात्रीत बरीच बॅटरी खर्च होते. आदेश-खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) पॉवरसीएफजी (powercfg) या आदेशाला स्लीपस्टडी हा पर्याय जोडला की झोपेच्या प्रत्येक कालावधीत किती ऊर्जा गेली आणि कोणी नेली, याचा अहवाल मिळतो. दिवसभरात दोन तासिकांच्या मध्ये झाकण मिटणे पुरेसे आहे, मात्र शेवटच्या तासिकेनंतर लॅपटॉप पूर्ण बंद करूनच ठेवावेत, असे मी ठरवून टाकले आहे.

त्याच आदेशाला बॅटरीरिपोर्ट हा पर्याय जोडला तर बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. क्रोमबुकमध्ये हेच आरोग्य निदान ॲपमध्ये टक्क्यांत दिसते. मूळ क्षमतेच्या 60 टक्क्यांखाली गेलेली बॅटरी ट्रॉलीच्या कामाची नाही, असे मी मानतो. ही मर्यादा माझी आहे, आणि दिवसाला दोनच तासिका असलेल्या शाळेला ती आणखी खाली नेता येईल. पण नवी बॅटरी घेण्याआधी त्या लॅपटॉपला सुरक्षा अद्ययावते (अपडेट) किती काळ मिळणार आहेत, हे अवश्य पाहावे. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, आणि प्रत्येक क्रोमबुकच्या सेटिंगमध्ये त्याची स्वयंचलित अद्ययावते कोणत्या महिन्यापर्यंत येतील ते लिहिलेले असते. वर्षभराने बाद होणाऱ्या यंत्रावर खर्च करण्यापेक्षा ते शिक्षकाच्या टेबलावर कायम वायरीला जोडून वापरलेले बरे.

टाइप-सी चार्जर आल्यापासून एक वेगळा घोळ वाढला आहे. टोक सारखे असल्यामुळे हरवलेल्या अडॅप्टरच्या जागी मोबाइलचा चार्जर लावला जातो. लॅपटॉपच्या 65 वॅटच्या अडॅप्टरमधून 20 व्होल्टला सव्वातीन अँपिअर मिळतात. साधा मोबाइल चार्जर 5 व्होल्टच देतो. काही लॅपटॉप त्यावर चार्जिंगचे चिन्ह दाखवतात आणि रात्रभरात जेमतेम थोडे भरतात, काही त्याला ओळखतही नाहीत. कप्प्याचा दोष असेल तेव्हा अडॅप्टरवरचे बारीक अक्षर वाचून त्याचे वॅट पाहावेत.

झाकण नीट मिटत नसेल, टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ टेबलावर डगमगत असेल, तर शोध तिथेच थांबवावा. बॅटरी फुगली आहे. तो लॅपटॉप ट्रॉलीत परत ठेवू नये, चार्जरला लावू नये, झाकण दाबून बसवू नये. तो ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवून बॅटरी काढण्याचे आणि तिची विल्हेवाट लावण्याचे काम प्रशिक्षित माणसाकडे द्यावे. अशी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नये.

बॅटरी भरलेली, तरी प्रवेश नाही

वहीतल्या 'चालत नाही' या नोंदींपैकी बऱ्याच नोंदी चार्जिंगच्या नसतातच. लॅपटॉप सुरू होतो, मुलाला मात्र खाते उघडता येत नाही. सामायिक लॅपटॉपवर हे वैयक्तिक लॅपटॉपपेक्षा जास्त घडते, आणि त्याला कारण आहे. डोमेनला, म्हणजे शाळेची सगळी खाती एकत्र सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या व्यवस्थेला, जोडलेला विंडोज संगणक पूर्वी येऊन गेलेल्या वापरकर्त्यांची ओळख साठवून ठेवतो, जेणेकरून नेटवर्क नसतानाही त्यांना आत जाता यावे. पण मूळ सेटिंगनुसार अशा ओळखी 10 च साठतात. सहा वर्ग एकच लॅपटॉप वापरतात आणि गट बदलत राहतात तेव्हा पूर्वी येऊन गेलेल्या मुलाचे नावही त्या दहांतून बाहेर गेलेले असते. आता वायफाय वापरकर्त्याने प्रवेश केल्यानंतरच जोडले जाईल, अशी मांडणी असेल तर वायफायसाठी प्रवेश हवा आणि प्रवेशासाठी वायफाय हवे, असा पेच पडतो. उपाय एकच : वायफायची जोडणी उपकरणाच्या पातळीवर, प्रवेशाच्या पडद्याआधीच व्हावी. क्रोमबुकवरही नव्या मुलाच्या पहिल्या प्रवेशाला नेटवर्क लागतेच.

ट्रॉली हलते, यातूनही एक दोष येतो. लॅपटॉप पहिल्या मजल्यावर झोपले तेव्हा तिथल्या ॲक्सेस पॉइंटला, म्हणजे वायफाय पुरवणाऱ्या डबीला, जोडलेले होते. दुसऱ्या मजल्यावर उघडल्यावर काही लॅपटॉप त्या जुन्या, क्षीण झालेल्या सिग्नललाच धरून बसतात. अशा लॅपटॉपचे वायफाय एकदा बंद करून चालू केले की ते जवळच्या पॉइंटला जोडले जातात. हा उपाय मुलांना शिकवून ठेवावा, कारण तंत्रज्ञ येईपर्यंत तासिका संपते. एकाच वर्गात काहींना नेटवर्क मिळते आणि काहींना मिळतच नाही, असे असेल तर आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कमध्ये प्रत्येक उपकरणाला मिळणारे क्रमांक, संपले आहेत का, ते पाहावे. नेहमीच्या एका उपजाळ्यात (नेटवर्कच्या एका भागात) उपकरणांसाठी 254 पत्ते असतात, आणि हे पत्ते वाटणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या डीएचसीपी सर्व्हरमध्ये पत्ता राखून ठेवण्याची मूळ मुदत 8 दिवसांची आहे. शिक्षकांचे आणि पाहुण्यांचे मोबाइल त्याच जाळ्यात येत असतील तर हे पत्ते आठवड्याच्या मध्यालाच संपू शकतात. मुदत एका दिवसावर आणणे किंवा ट्रॉल्यांसाठी वेगळे जाळे देणे, दोन्ही चालते.

सोमवारी पहिल्या तासिकेला सगळेच संथ असतील तर नेटवर्कला बोल लावण्याआधी अद्ययावतांकडे पाहावे. बंद लॅपटॉप रात्री अद्ययावत होत नाही. तो वर्गात उघडल्यावर उतरवणे सुरू करतो, आणि तीसही लॅपटॉप ते एकाच मिनिटाला सुरू करतात. आठवड्यातून एकदा, मुले नसताना, ट्रॉली विजेला जोडून सगळे लॅपटॉप तासभर सुरू ठेवणे आणि शेवटी पुन्हा सुरू करून मग बंद करणे, एवढ्याने हा त्रास जवळजवळ संपतो. हे कंटाळवाणे काम आहे आणि ते करण्याला पर्याय मला अजून सापडलेला नाही. डिस्क भरल्याची तक्रार येत असेल तर बाहेर पडताना स्थानिक खाती पुसली जातील असे सामायिक संगणकाचे धोरण लावावे. त्याआधी मुलांची कामे मेघसाठ्यात (इंटरनेटवरच्या साठ्यात) जात आहेत याची खात्री करावी.

शेवटची पाच मिनिटे

लॅपटॉप परत ठेवण्याचा गोंधळ घंटेनंतर होतो, म्हणून परत ठेवणे घंटेआधी सुरू झाले पाहिजे. तीस मुले एकाच दाराशी आली की क्रमांक पाळले जात नाहीत, वायरी पायाखाली येतात आणि पिना अर्धवट लागतात. तासिका संपण्याच्या पाच मिनिटे आधी दहा-दहांच्या तुकड्या बोलवाव्यात, आणि दोन मुलांनी ट्रॉलीशी उभे राहून प्रत्येकाचा आकडा आणि दिवा पाहावा. ट्रॉली त्या क्षणी विजेला जोडलेली नसेल तर दिवा लागणारच नाही, तेव्हा परत ठेवण्याआधी तिची मुख्य पिन भिंतीत असली पाहिजे. आळीपाळीच्या ट्रॉलीत ज्या गटाची पाळी नाही तिथे दिवा लागत नाही, हेही त्या दोन मुलांना सांगून ठेवावे, नाहीतर ती चालू पिना उगाच काढून लावत बसतात. रिकामा कप्पा दिसला तर तो त्याच वेळी वहीत लिहावा. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेल्या नोंदीवरून हरवलेला चार्जर किंवा लॅपटॉप मिळाल्याचे उदाहरण माझ्याकडे नाही.

लांब सुटीच्या आधी ट्रॉलीत लॅपटॉप शंभर टक्के भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नयेत. लिथियम-आयन बॅटरी साधारण 50 टक्क्यांवर, थंड आणि कोरड्या खोलीत, लॅपटॉप पूर्ण बंद करून ठेवली तर सुटीत तिची झीज कमी होते. रिकामी ठेवलेली बॅटरी आपोआप आणखी उतरते आणि सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) फार खाली गेला की तिचे संरक्षक सर्किट तिला चार्जही होऊ देत नाही. सुटीनंतर काही लॅपटॉपांचे घड्याळ मागे गेलेले आढळले तर तेही पूर्ण उतरलेल्या बॅटरीचे लक्षण असते. तारीख चुकली की सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि लॅपटॉप वायफायला किंवा संकेतस्थळांना नकार देतो. शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधी ट्रॉली जोडावी, घड्याळे तपासावीत, अद्ययावते उतरवून घ्यावीत आणि रात्रभराच्या चार्जिंगनंतर सकाळी सगळ्या क्रमांकांचे टक्के वहीच्या नव्या पानावर लिहून ठेवावेत, म्हणजे पहिली तक्रार येईल तेव्हा ती कशाशी ताडून पाहायची हे ठाऊक असेल.